खालसा झालेले पहाड

एकोणिसावे शतक संपत आले असता पूर्व केंटकीच्या डोंगराळ मुलखात जॉन सी. सी. मेयो नावाचा एक तरुण शाळामास्तर घरोघर हिंडत असे. ज्यांच्या दृष्टीस रोख पैसा क्वचितच पडे अशा शेतकऱ्यांच्या पुढ्यात तो सोन्याची नाणी मांडी आणि त्यांच्या जमिनीखालच्या दगडी कोळशाचा हक्क, एकरी अर्ध्या डॉलरपासून फार तर चार-पाच डॉलरांच्या मोबदल्यात, लिहून घेई. ही नाणी त्याच्या पत्नीच्या घागऱ्यात मुद्दाम शिवून घेतलेल्या खिशांतून नेली जात, असे सांगतात. घर, परसू, मक्याचे शेत आणि पूर्वजांची थडगी मूळ मालकाकडेच राहत, सारा भरण्याची जबाबदारीही त्याच्याकडेच राही. खरेदीदाराला मिळे ते भूमीच्या पोटातले खनिज, आणि ते बाहेर काढण्यासाठी त्याला जे जे सोयीचे वाटेल ते ते करण्याची मुभा. त्या दस्तऐवजावर सही किंवा फुली करणाऱ्या माणसांच्या कल्पनेत कोळसा काढणे म्हणजे टेकडीच्या कुशीत एक भुयार पाडून कुदळ-फावड्यानिशी आत शिरणे एवढेच होते. पुढे अर्धशतकाने डिझेलची अजस्र यंत्रे आली आणि त्या मुभेचा अर्थ काय, असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा केंटकीच्या सर्वोच्च न्यायपीठाने १९५६ साली असा निर्णय दिला की खनिजाचा मालक जमिनीचा पृष्ठभाग खरवडून काढू शकतो आणि त्याबद्दल पृष्ठभागाच्या मालकास नुकसानभरपाई देण्यास तो बांधलेला नाही.

१९६५ साली नॉट जिल्ह्यातील ऑली कोम्ब्स या एकसष्ट वर्षांच्या विधवेने आपल्या घरावरच्या उतारावर आलेल्या बुलडोझरसमोर ठाण मांडले. शिपायांनी तिला हातापायांना धरून उचलून नेले, आणि ‘थँक्सगिव्हिंग’चे सणाचे जेवण तिने तुरुंगात घेतले. तिचे ते छायाचित्र देशभर गाजले. तरीही त्या जुन्या खरेदीखतांचा विषारी दात काढण्यासाठी केंटकीच्या मतदारांना १९८८ पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी राज्यघटनेत दुरुस्ती झाली, तिला ब्याऐंशी टक्के मते पडली. एवढे एकमत ज्या प्रश्नावर होते त्याचा निकाल लागण्यास तीस वर्षे का लागावीत, याचे उत्तर शोधू लागले की माणूस भूगर्भशास्त्रातून निघून राज्यशास्त्रात येऊन पोहोचतो. केंटकी-वेस्ट व्हर्जिनियातील ॲपलाशियाच्या पहाडांची कथा मला याच कारणाने लिहावीशी वाटते. तेथे प्रत्येक शिखर आधी कागदावर खालसा झाले आहे. सुरुंगाचा क्रम फार मागाहून येतो.

हा पर्वत जगातील अतिवृद्ध पर्वतांपैकी एक होय. हिमालयाचा जन्म होण्यापूर्वी कोट्यवधी वर्षे तो उभा होता, आणि ऊन-पावसाने झिजत झिजत आज दक्षिण वेस्ट व्हर्जिनियात त्याच्या रांगा सामान्यतः दोन-तीन हजार फुटांच्या आसपास राहिल्या आहेत. दोन रांगांमधल्या अरुंद, वळणावळणाच्या घळींना तेथे ‘हॉलो’ म्हणतात, आणि बोलताना त्याचा उच्चार ‘हॉलर’ असा करतात. घळीच्या तळाशी ओहळ, ओहळाच्या काठाने रस्ता, रस्त्याला लागून घरांची एकेरी ओळ, आणि दोन्ही अंगांना तडक चढत जाणारे अरण्य. समशीतोष्ण कटिबंधात वृक्षजातींच्या वैविध्याच्या दृष्टीने या अरण्याच्या तोडीची अरण्ये फार थोडी आहेत. सॅलमँडर या उभयचर प्राण्याच्या जाती तर जगात सर्वांत अधिक याच पर्वतप्रदेशात सापडतात. जिनसेंगची मुळे खणून विकणे हा तेथील गरिबांचा पिढीजात जोडधंदा आहे, आणि त्यासाठी डोंगर कोणाच्याही मालकीचा असला तरी तो सर्वांच्या वहिवाटीचा, अशी एक अलिखित रूढी त्या लोकांत होती.

कोळशाचे थर या पहाडांत, चवडीतल्या भाकऱ्यांमध्ये फडक्याचे पदर घालावेत तसे, वालुकाश्माच्या जाड स्तरांमध्ये आडवे पसरलेले आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे जेमतेम दोन-चार फुटांचे. इतका पातळ थर भुयारातून काढणे परवडत नाही. म्हणून सत्तरच्या दशकात जी पद्धत रूढ होऊ लागली आणि नव्वदीत जिने उग्र रूप धारण केले ती अशी: प्रथम सारे अरण्य तोडावयाचे, आणि पुष्कळ वेळा लाकूड विकण्याइतकीही सवड न काढता ते जाळून टाकावयाचे; नंतर खडकात भोके पाडून त्यांत अमोनियम नायट्रेट व डिझेल यांचे मिश्रण भरावयाचे; स्फोटाने फुटलेला खडक, वीस-वीस मजली उंचीच्या ड्रॅगलाईन यंत्रांनी वा प्रचंड फावड्यांनी उचलून, लगतच्या घळीत लोटावयाचा; एक थर निघाला की खालच्या थरासाठी पुन्हा तेच. डोंगराचा माथा अशा रीतीने काही ठिकाणी शेकडो फुटांनी खाली येतो. चंद्रपूर-वणी भागातील कोळसा खाणींभोवती ‘ओबी’चे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या टाकाऊ दगडमातीचे, जे करडे ढिगारे वाचकांनी पाहिले असतील, तीच ही वस्तू, मात्र तेथे ती सपाटीवर रचली जाते आणि येथे उगमाजवळच्या झऱ्यावर ओतली जाते. एमिली बर्नहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीप्रमाणे केवळ दक्षिण वेस्ट व्हर्जिनियात अशा १,५४४ दरीभरावांत मिळून सुमारे ६.४ घन किलोमीटर खडक पडलेला आहे, आणि खोदलेला प्रदेश पूर्वीपेक्षा सुमारे चाळीस टक्क्यांनी सपाट झालेला आहे. बून व लिंकन या दोन जिल्ह्यांत पसरलेली होबेट ही एकटी खाण दहा हजार एकरांहून मोठी होती; ती वर्षानुवर्षे कशी फैलावत गेली याची उपग्रहांनी टिपलेली चित्रमालिका ‘नासा’ने प्रसिद्ध केली आहे.

शिखरछेदाच्या या पद्धतीचे खरे आकर्षण माणसे कमी लागतात हे होय. १९४८ च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियात सव्वा लाख कोळसा कामगार होते. साठ वर्षांनंतर उत्पादन फारसे उणे झाले नव्हते, पण कामगार उरले होते वीस हजारांच्या आसपास. भुयारी खाणींतील यंत्रांनी हा ऱ्हास आधीच सुरू केला होता, शिखरछेदाने तो पुढे नेला. मॅकडॉवेल जिल्ह्याची लोकसंख्या १९५० मध्ये जवळजवळ एक लाख होती, ती २०२० च्या शिरगणतीत वीस हजारांच्याही खाली आली. असे असता ‘पहाड वाचवाल तर भाकर जाईल’ ही धमकी त्याच लोकांना साठ वर्षे परिणामकारकपणे देता यावी, हे मला या साऱ्या प्रकरणातले सर्वांत विलक्षण राजकीय सत्य वाटते.

कायदा नव्हता असे नाही. वेस्ट व्हर्जिनियाचे काँग्रेस सदस्य केन हेक्लर यांनी १९७१ मध्येच अशा उघड्या खाणकामावर सरसकट बंदी घालणारे विधेयक मांडले होते. ते मान्य झाले नाही. बराच काथ्याकूट होऊन, मध्यंतरी अध्यक्ष फोर्ड यांचा नकाराधिकार पचवून, अखेर ३ ऑगस्ट १९७७ रोजी जिमी कार्टर यांनी ज्या अधिनियमावर सही केली त्याने खाणकामाला बंदीऐवजी नियमन दिले. याहून कडक कायदा आपल्याला अधिक आवडला असता, असे कार्टर यांनी त्याच प्रसंगी सांगितले. या अधिनियमाचा मुख्य दंडक असा की खाणकाम संपल्यावर जमिनीला जवळजवळ मूळची आकृती परत दिली पाहिजे. त्यालाच लागून अपवाद: सपाट केलेल्या माथ्यावर उद्योग, व्यापार, वस्ती, शेती किंवा सार्वजनिक उपयोगाचे काही उभे करावयाचे असेल तर माथा सपाटच ठेवण्याची सूट मिळेल. अपवादाच्या या फटीतून किती पहाड गेले याचा हिशेब पुढे पर्यावरणवादी संस्थांनी करून पाहिला, तेव्हा त्यांना असे आढळले की तपासलेल्या स्थळांपैकी सुमारे नव्वद टक्क्यांवर कुरण किंवा झुडपे यांखेरीज आर्थिक उपयोगाचे म्हणावे असे काहीही नाही. क्वचित कोठे गोल्फचे मैदान झाले. केंटकीतील आयनेझ या गावाजवळ केंद्र सरकारने अशा माथ्यावर तुरुंग बांधला. भरावाची जमीन खचू लागल्याने त्याचा खर्च कोट्यवधी डॉलरांनी वाढला आणि प्रसिद्ध ‘सिंग सिंग’ तुरुंगाच्या चालीवर लोकांनी त्याचे नाव ‘सिंक सिंक’ पाडले. विनोदबुद्धी हा गरिबांचा शेवटचा जमाखर्च असतो.

पाण्याची हकीकत अधिक सूक्ष्म आहे आणि अधिक भयंकरही. लक्षावधी वर्षे हवेपाण्यापासून दूर असलेला खडक फोडून दरीत सैल ओतला की पावसाचे पाणी त्याच्या प्रत्येक कणातून झिरपते आणि गंधकाचे क्षार, कॅल्शियम, मॅग्नेशियम, सेलेनियम इत्यादी द्रव्ये विरघळवून पायथ्याशी बाहेर येते. ते दिसते स्वच्छ. त्याची विद्युत्‌वाहकता मात्र कित्येक पटींनी वाढलेली असते, आणि ओहळाच्या अन्नसाखळीचा पाया असलेले ‘मेफ्लाय’सारखे कीटक तेथून नाहीसे होतात. वेस्ट व्हर्जिनियातील मड नदीच्या वरच्या खोऱ्यात केलेल्या अभ्यासात असेही दिसले की ज्या खाणी बंद होऊन, हिरवळ पेरून, सरकारदरबारी पूर्ववत झालेल्या म्हणून नोंदल्या गेल्या होत्या त्यांच्या पायथ्यातूनही जवळजवळ दोन दशकांनी हेच पाणी वाहत होते. याच नदीच्या मत्स्यपिलांत सेलेनियममुळे येणारी शारीरिक व्यंगे आढळली होती. जानेवारी २०१० मध्ये मार्गारेट पामर यांच्यासह बारा शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ नियतकालिकात, असे परवाने देणे थांबवावे, अशी स्पष्ट मागणी केली. केंद्रीय पर्यावरण संस्थेच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे तोपर्यंत जवळजवळ दोन हजार मैल लांबीचे उगमाकडचे ओहळ दरीभरावाखाली गाडले गेले होते.

माणसांच्या आरोग्याविषयी बोलताना लेखणी आवरून धरली पाहिजे. मायकेल हेंड्रिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली दाखविले की शिखरछेदाच्या जिल्ह्यांत जन्मजात व्यंगांचे प्रमाण इतरत्रपेक्षा सव्वीस टक्के अधिक आहे. त्यावर उद्योगाच्या बाजूने आक्षेप घेतले गेले, आणि साहचर्य म्हणजे कार्यकारणभाव नव्हे हे तत्त्व येथेही लागू आहेच. अशा वादाचा निवाडा करण्यासाठीच राष्ट्रीय विज्ञान अकादमीकडे दहा लाख डॉलर खर्चाचा अभ्यास सोपविण्यात आला होता. ऑगस्ट २०१७ मध्ये, समिती केंटकीत लोकांची गाऱ्हाणी ऐकण्याच्या बेतात असता, गृहखात्याने नव्हे तर भूसंपत्ती सांभाळणाऱ्या ‘इंटिरियर’ खात्याने पत्र धाडून तो अभ्यास तहकूब करविला. प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल येईल ही भीती समजू शकते. प्रश्नच दप्तरी दाखल होऊ नये ही तजवीज करणारे शासन कोणत्या कोटीतले म्हणावयाचे?

कोळसा धुतल्यानंतर उरणारा काळा राडा, म्हणजे स्लरी, डोंगरांमधल्या बांधांमागे साठविला जातो, आणि बांध फुटतात. लोगन जिल्ह्यात बफेलो क्रीकवरचा बांध २६ फेब्रुवारी १९७२ रोजी फुटून १२५ माणसे मेली. कंपनीने त्याला ईश्वरी कोप म्हटले. ११ ऑक्टोबर २००० रोजी केंटकीतील मार्टिन जिल्ह्यात साठ्याचा तळच खालच्या जुन्या भुयारात कोसळला आणि तीस कोटी गॅलनांहून अधिक स्लरी ओहळांतून वाहत गेली. माणसे वाचली, जलचर मैलोगणती नष्ट झाले. केंद्रीय खाणसुरक्षा खात्याने ठोठावलेला दंड अपिलात घटत घटत ५,६०० डॉलरांवर आला. ज्या आयनेझमध्ये १९६४ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी एका बेकार माणसाच्या ओसरीवर बसून दारिद्र्याविरुद्धच्या युद्धाची जाहिरात केली होती, ते याच जिल्ह्याचे ठाणे होय.

आता न्यायासनाकडे वळू. १९९८ साली लोगन जिल्ह्यातील स्प्रूस खाणीविरुद्ध दाखल झालेला दावा चार्ल्स हेडन या केंद्रीय न्यायाधीशापुढे आला. हेडन हे रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले, वृत्तीने सनातनी गृहस्थ. त्यांनी हेलिकॉप्टरमधून साऱ्या खाणींची पाहणी केली, आणि २० ऑक्टोबर १९९९ रोजी असा निकाल दिला की वाहत्या ओहळापासून शंभर फुटांच्या आत खाणकाम करू नये असा नियम असता ओहळच गाडून टाकणे कायदेशीर ठरू शकत नाही. कायद्याचा अर्थ इतका सरळ लावला गेला याचाच हाहाकार उडाला. कोळशाच्या मुलखात वाढलेले वयोवृद्ध सिनेटर रॉबर्ट बर्ड यांनी निकाल फिरविण्यासाठी एका विधेयकाला शेपूट जोडण्याचा प्रयत्न केला. तो निष्फळ झाला. रिचमंडच्या अपील न्यायालयाने २००१ मध्ये निकाल फिरविला तो गुणदोषांवर नव्हे, राज्य सरकारवर केंद्रीय न्यायालयात असा दावा चालत नाही या मुद्द्यावर. मे २००२ मध्ये बुश शासनाने ‘भराव’ या संज्ञेची व्याख्या बदलून खाणीचा टाकाऊ खडक तीत बसवून घेतला, म्हणजे जे पूर्वी प्रवाहात फेकण्यास मनाई असलेले टाकाऊ द्रव्य ठरू शकत होते ते लष्कराच्या अभियंता दलाच्या साध्या परवान्यात बसू लागले. काही दिवसांतच हेडन यांनी दुसऱ्या दाव्यात हा बदल अवैध ठरविला. पुढच्या वर्षी तोही निकाल रिचमंडने रद्द केला. त्या काळात इंटिरियर खात्याचे दुय्यम मंत्री स्टीव्हन ग्राइल्स होते, जे त्यापूर्वी खाण उद्योगाचे वकीलपत्र घेऊन वॉशिंग्टनमध्ये वावरत असत. पुढे वेगळ्याच एका प्रकरणात सिनेटपासून सत्य दडविल्याबद्दल त्यांना तुरुंगवास घडला. त्यांच्याच अमदानीत तयार झालेल्या शासकीय पर्यावरण अहवालाने शेकडो मैल प्रवाह नष्ट झाल्याची आकडेवारी प्रामाणिकपणे मांडली आणि निष्कर्षात शिफारस केली ती परवान्यांचे काम अधिक सुलभ करण्याची.

परंतु न्याय विकत घेण्याचा उघड प्रयत्न पाहावयाचा तर डॉन ब्लँकेनशिप यांच्याकडे जावे लागते. मॅसी एनर्जी या, शिखरछेदात अग्रेसर असलेल्या कंपनीचे हे तेव्हाचे सर्वेसर्वा. ह्यू केपर्टन नावाच्या एका लहान खाणमालकाचा धंदा बुडविल्याबद्दल बून जिल्ह्यातील पंचांनी २००२ साली मॅसीवर पाच कोटी डॉलरांचा हुकूमनामा केला. अपील राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात जाणार होते, आणि वेस्ट व्हर्जिनियात त्या न्यायालयाचे न्यायाधीश मतदार निवडतात. २००४ च्या निवडणुकीत ब्लँकेनशिप यांनी सुमारे तीस लाख डॉलर खर्चून विद्यमान न्यायाधीश वॉरेन मॅकग्रॉ यांना पाडले आणि ब्रेंट बेंजामिन यांना निवडून आणले. उमेदवाराच्या समितीला थेट देणगी कायद्याच्या मर्यादेइतकी, एक हजार डॉलर. बाकीचा ओघ लेकरांच्या कल्याणाचे नाव धारण केलेल्या एका मंडळामार्फत व स्वतंत्र जाहिरातींतून. नोव्हेंबर २००७ मध्ये हुकूमनामा तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द झाला, आणि तिघांत बेंजामिन होते. त्यानंतर तिघांतील दुसरे न्यायमूर्ती स्पाइक मेनार्ड यांची ब्लँकेनशिप यांच्यासमवेत मोनॅको येथे सहलीत काढलेली छायाचित्रे बाहेर आली. ८ जून २००९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की बेंजामिन यांनी बाजूला व्हावयास हवे होते. कथा येथे संपती तर ती सुखान्त ठरली असती. फेरसुनावणीत, बेंजामिन यांच्यावाचूनही, राज्याच्या न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी मॅसीच्याच बाजूने कौल दिला.

५ एप्रिल २०१० रोजी मॅसीच्या अपर बिग ब्रँच या भुयारी खाणीत स्फोट होऊन २९ कामगार ठार झाले. ब्लँकेनशिप यांना सुरक्षा नियम मोडण्याच्या कटाबद्दल एक वर्षाची कैद झाली, तीही किरकोळ गुन्ह्याच्या सदरात. त्यापूर्वी २००८ मध्ये कंपनीने जलकायद्याच्या साडेचार हजारांहून अधिक उल्लंघनांबद्दल दोन कोटी डॉलर दंड भरला होता. पहाडाशी जो जसा वागतो तो पहाडातल्या माणसाशीही बहुधा तसाच वागतो.

लोगन जिल्ह्यातील ब्लेअर माउंटनच्या कड्यावर १९२१ साली, लाल रुमाल गळ्यात बांधलेले सुमारे दहा हजार खाण कामगार, संघटनेच्या हक्कासाठी शेरीफ डॉन चेफिन यांच्या भाडोत्री फौजेशी लढले. विमानांतून बाँब टाकले गेले, शेवटी केंद्राचे सैन्य आले. तोच पहाड पुढे शिखरछेदाच्या आराखड्यात आला. राष्ट्रीय वारसास्थळांच्या नोंदवहीत त्याचे नाव २००९ च्या मार्चमध्ये चढले, त्याच वर्षीच्या डिसेंबरात खोडले गेले, आणि न्यायालयात हे खोडणे चुकीचे ठरल्यावर २०१८ मध्ये पुन्हा चढले. १९९९ मध्ये त्या जुन्या मोर्चाचे स्मरण म्हणून काढलेल्या पदयात्रेवर कोळसा समर्थकांचा जमाव चालून आला आणि त्यांनी चौऱ्याऐंशी वर्षांच्या केन हेक्लर यांना, जे तेव्हा राज्याचे सचिव होते, लाथा मारल्या. मारणाऱ्यांचे आजोबा-पणजोबा कदाचित त्याच कड्यावर लाल रुमाल बांधून लढलेले असतील. हेक्लर यांनी लढा काही सोडला नाही; दहा वर्षांनी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, स्लरीच्या धरणाखालच्या मार्श फोर्क शाळेजवळ निदर्शने करताना ते अटकेत गेले. शिखरछेदाविरुद्ध झगडणाऱ्या ज्युडी बाँड्स, मारिया गुनो, केफर्ड पहाडावरचा आपला पन्नास एकरांचा तुकडा मरेपर्यंत न विकणारे लॅरी गिब्सन, ही सारी त्याच घळींतली माणसे होती, बाहेरून आलेले उपदेशक नव्हते.

या कथेत मुंबईचाही एक धागा आहे. मार्च २०१० मध्ये मुंबईच्या एस्सार समूहाने साठ कोटी डॉलरांना केंटकी-वेस्ट व्हर्जिनियातील ट्रिनिटी कोल ही कंपनी घेतली. २०१३ च्या फेब्रुवारीत धनकोंनी तिला दिवाळखोरीच्या न्यायालयात ओढले. एस्सारच्या खरेदीच्या सुमारास मुंबईच्याच जेएसडब्ल्यू समूहानेही वेस्ट व्हर्जिनियातील खाणी खरेदी केल्या, आणि आज अमेरिकेच्या कोळसा निर्यातीचे भारत हे एक प्रमुख गिऱ्हाईक आहे. जिम जस्टिस या धनिकाने आपल्या खाणी २००९ साली मेकेल या रशियन कंपनीला कोट्यवधी डॉलरांना विकल्या आणि २०१५ मध्ये अवघ्या पन्नास लाखांना परत घेतल्या. पुढे ते राज्याचे गव्हर्नर व मग सिनेटर झाले, आणि त्यांच्या कुटुंबाच्या कंपन्यांवर थकलेल्या दंडाच्या वसुलीसाठी २०२३ साली केंद्र सरकारला दावा लावावा लागला. नैसर्गिक वायू स्वस्त झाल्याने कोळशाचे भाव कोसळले, आणि पॅट्रियट, अल्फा, आर्च अशा एकामागून एक कंपन्यांनी नादारी पुकारली. होबेट खाण चालविणाऱ्या पॅट्रियटने तर, सेलेनियमच्या शुद्धीकरणाचा खर्च झेपेना म्हणून, २०१२ मध्ये ही पद्धतच क्रमाक्रमाने सोडण्याचे कबूल केले. ओबामा शासनाने २०१६ च्या अखेरीस काढलेला ओहळ संरक्षण नियम ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०१७ मध्ये, खाण कामगारांना भोवती उभे करून, रद्द केला. त्यामुळे एकही कंपनी तगल्याचे दिसत नाही.

१ जुलै २०१९ रोजी ब्लॅकज्युएल या कंपनीने नादारीचा अर्ज केला तेव्हा हार्लन जिल्ह्यातील कामगारांच्या खात्यांत जमा झालेला पगारही परत गेला. महिनाअखेरीस खाणीतून भरून निघालेली कोळशाची आगगाडी त्यांनी कंबरलँड गावाजवळ रुळांवर बसून अडविली. तंबू ठोकले, बायकामुले आली, आणि ही गाडी जवळजवळ दोन महिने हलू शकली नाही. मजुरीचा बराचसा हिस्सा त्यांना पुढे न्यायालयामार्फत मिळाला. कंपनीच्या अनेक खाणींचे परवाने मात्र केंटकीत घेणारा कोणी पुढे आला नाही. त्या खाणी बुजविण्याचे काम ज्या जामीनकीच्या रकमेतून व्हावयाचे ती पुरत नाही, आणि भरावाच्या पायथ्याशी पाणी वाहतेच आहे.